भिंगरी, गोळी आणि मी

मित्रांनो, मी एक जुना टायमर आहे. पत्र्याचा, गोल, एके काळी पांढराशुभ्र आणि आता जरा पिवळसर. माझ्या पोटावर शून्य ते साठ असे आकडे आहेत. चकती हव्या त्या आकड्यापर्यंत पिळली, की मी टिकटिक करत उलटा मोजत येतो आणि शून्यावर पोचलो की घणघणतो. मला ना सेल लागतो, ना वीज. एवढं साधं यंत्र असूनही मी आजवर हजारो माणसांच्या जेवणाला हातभार लावला आहे, आणि तोही स्वयंपाकघरात पाऊल न ठेवता. तुम्हाला ही बढाई वाटेल. वाटू दे. खरं सांगताना मान खाली घालायची मला सवय नाही.

कारखान्यात एका बाईंनी माझी स्प्रिंग बसवली, मला कानाशी धरून टिकटिक ऐकली आणि मान डोलावली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी. माझ्याबरोबरचे बाकीचे टायमर अंडी उकडायला आणि केक भाजायला घरोघरी गेले. मी मात्र दुकानाच्या काचेत चार महिने बसून होतो. मग एक दिवस बाहीवर प्लास्टरचे डाग पडलेली एक तरुण बाई आली आणि दुकानदाराला म्हणाली, "गजर दणदणीत पाहिजे. शेजारी मशीन चालू असलं तरी ऐकू आला पाहिजे." दुकानदारानं मला पिळून सोडलं. मी असा काही घणघणलो, की दारातून आत येणारं एक गिऱ्हाईक दचकून पुन्हा बाहेर गेलं. "हाच द्या," ती म्हणाली.

त्या बाईंना आता सगळे आत्या म्हणतात. त्यांची दातांची लॅब आहे. तुमच्या आजोबांची कवळी दातांचे डॉक्टर बनवतात असं तुम्हाला वाटत असेल, पण डॉक्टर फक्त माप घेतात आणि शेवटी ती तोंडात बसवतात. मधलं सगळं काम आमच्यासारख्या लॅबमध्ये होतं. मापात प्लास्टर ओतून हिरडीचा नमुना करायचा, त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा आणि माणसाच्या तोंडात घालून बघायचं. पसंत पडलं, की ते सगळं पितळी डब्यात प्लास्टरमध्ये पुरायचं, गरम पाण्यानं मेण काढून टाकायचं, त्या पोकळीत गुलाबी लगदा भरायचा आणि डबा पाण्यात शिजवायचा. आधी दीड तास मंद आचेवर, मग अर्धा तास उकळत्या पाण्यात. इथं चुकलं की गुलाबी हिरडीत बुडबुडे धरतात आणि सगळी मेहनत वाया जाते. ती वाया जाऊ नये म्हणून मी. साठच्या पुढे मला मोजता येत नाही, तेव्हा दीड तासासाठी मला दोनदा पिळावं लागतं, आधी साठ आणि मग तीस.

आत्यांच्या लॅबचे दोन रिवाज होते. पहिला माझ्याबद्दलचा. जो मला पिळेल त्यानं कशासाठी ते मोठ्यानं सांगायचं. "वरची कवळी, मंद आच, साठ!" आणि खोलीत जो कोणी दुसरा असेल त्यानं हातातलं काम न थांबवता ओरडायचं, "ऐकलं!" म्हणजे डबा एकाचा न राहता दोघांचा व्हायचा. दुसरा रिवाज मेणाचा. कुठल्याही गोष्टीवर वाद झाला, की आत्या म्हणायच्या, "मेणात बघू." मेण पुन्हा मऊ करता येतं, दात हलवता येतो. एकदा शिजलेली कवळी मात्र हलत नाही. लॅबला रंग कुठला द्यायचा हेसुद्धा आत्यांनी आधी मेणाचे रंगीत तुकडे भिंतीला चिकटवून ठरवलं होतं, आणि कवळ्यांना पॉलिश करणारे मामा त्यावर वर्षभर हसत होते.

आमची भिंगरी आली तेव्हा बावीस वर्षांची होती. आत्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. कॉलेज अर्धवट सुटलेलं, तीन नोकऱ्या सुटलेल्या. भिंगरी हे नाव मामांनी पहिल्या आठवड्यात ठेवलं, कारण ती एका जागी ठरेल तर शपथ. प्लास्टर कालवायला घ्यायची, तेवढ्यात खिडकीचा पडदा नीट करायला जायची, पडदा नीट करताना तिला फोन करायचा राहिल्याचं आठवायचं, आणि इकडे वाटीत प्लास्टरचा दगड. टेबलावर तिचे तीन अर्धे कप चहा एकाच वेळी गार होत असायचे. चष्मा डोक्यावर असताना तिनं सगळी लॅब शोधायला लावली होती, मलासुद्धा उचलून खाली बघितलं होतं.

पण मित्रांनो, दात बसवायला बसली की बघत राहावं! बाकीचे लोक दात ओळीत बसवतात, साबणाच्या जाहिरातीतल्यासारखे सगळे सरळ आणि पांढरे. भिंगरी आधी त्या माणसाचा जुना फोटो मागवायची. कुणाचा दात किंचित शेजारच्या दातावर चढलेला, कुणाच्या दोन दातांत बारीक फट, कुणाचं हसू एका बाजूला झुकलेलं. ते सगळं ती मेणात परत आणायची. आत्यांची अट एकच होती, की कवळी घातलीय हे कुणाला कळता कामा नये. भिंगरीच्या कवळीत माणसं पुन्हा स्वतःसारखी दिसू लागली. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर जिना उतरून खास तिला सांगायला यायचे, "बाईंनी आरशात बघितलं आणि रडल्या हो!" मी टेबलावर बसून हे ऐकायचो आणि टिकटिक जरा जोरात करायचो.

त्यानंतर पंधरा वर्षं मी तिचा होतो. डब्यासाठी तर होतोच, पण तिनं मला चहासाठी पिळलं, बँकेत जायचंय म्हणून पिळलं, लेकीला शाळेतून आणायचंय म्हणून पिळलं. एप्रनच्या खिशात मला घेऊन ती सगळीकडे फिरायची. माझी छाती चांगलीच फुगली होती. माझ्यावाचून हिचं पान हलत नाही, असं मी कपाटातल्या कैच्यांना आणि पकडींना ऐकवायचो.

आता लाजिरवाणी गोष्ट सांगतो, कारण तीही खरी आहे. मी घणघणायचो, ती हात पुढे करून मला बंद करायची, "हो, उठतेच" म्हणायची आणि उठायची नाही. डोळे दातावर, चाकू मेणात. तिला मी ऐकू आलोच नसायचो. हात ऐकायचा, बंद करायचा आणि बाकीची ती तिथं नसायची. मग मामाच धावत जाऊन गॅस कमीजास्त करायचे. पंधरा वर्षांत किती डबे मामांनी वाचवले ते मी मोजले नाहीत. आपल्या गजरानं काही होत नाही हे मोजायला कुणाला आवडेल?

आत्यांना साठी उलटून चार वर्षं झाली होती. गुडघे बोलायला लागले होते. वर्ष संपताना लॅब भिंगरीच्या हाती द्यायची, असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. भिंगरी त्या दिवशी हसली, पण नंतर मला पुसायला घेतलं आणि एकच जागा कितीतरी वेळ पुसत राहिली.

त्याच सुमाराला क्लॅरिनेटवाले आजोबा आले. बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवलेला माणूस. वरचे सगळे दात काढावे लागले होते. वाद्याचं तोंड वरच्या पुढच्या दातांवर टेकवून वाजवायचं असतं, आणि आता टेकवायला जागाच उरली नव्हती. "फुंक निसटते हो," ते म्हणाले. दुसरीकडे करून आणलेली कवळी त्यांनी रुमालात बांधून आणली होती. सगळे दात सरळ. वाद्य त्यावर घसरत होतं. आजोबांचा उजवीकडचा एक दात शेजारच्या दातावर जरासा चढलेला होता, आणि चाळीस वर्षं वाद्य त्या दाताच्या आधारानं बसत आलं होतं. भिंगरीनं चार दिवस खपून तो दात मेणात बसवला. आजोबांना पसंत पडला. डबा भरून झाला.

त्या दिवशी मामा सुट्टीवर होते आणि आत्या वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे गेल्या होत्या. भिंगरीनं मला पिळलं. "वरची कवळी, मंद आच, साठ!" असं तिनं रिवाजाप्रमाणे मोठ्यानं सांगितलं. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तेव्हा तिनंच ओरडून दिलं, "ऐकलं!" आणि स्वतःवर हसली. मी साठ मिनिटांनी घणघणलो. हात आला, मी बंद झालो. तिच्यापुढे दुसऱ्या कुणाचा तरी एक दात होता आणि त्याचा रंग जुळत नव्हता. मला पुन्हा तीसवर कुणी पिळलं नाही. भांड्यातलं पाणी आटत गेलं. मला सगळं दिसत होतं, पण पिळल्याशिवाय मला आवाज नाही. प्लास्टर जळल्याचा वास जिन्यात पोचला तेव्हा आत्या वरून धावत आल्या.

डबा उघडला तर आतली कवळी स्पंजासारखी झाली होती आणि नमुन्याचे तुकडे झाले होते. म्हणजे पुन्हा माप, पुन्हा मेण, सगळं पहिल्यापासून. आजोबांना फोन भिंगरीनंच केला. ते रागावले नाहीत, फक्त "बरं" म्हणाले, आणि त्या एका शब्दानं ती मोडून पडली. गॅसची शेगडी आत्यांनी उचलून स्वतःच्या टेबलाशी नेली. लॅब तिच्या हाती द्यायची गोष्ट त्या दिवसापासून बंद झाली.

"मी आळशी नाही गं आत्या," भिंगरी म्हणाली. "मला कळतच नाही, मी कुठं जाते."

"लक्ष द्यायचं असतं," आत्या म्हणाल्या. "आम्ही नाही देत?"

भिंगरीचा नवरा बस चालवतो. दिवसभर आरशांत बघायची सवय असलेला शांत माणूस. संध्याकाळी तिला न्यायला आला तेव्हा म्हणाला, "आमच्या डेपोतल्या एकानं मोठेपणी दाखवून घेतलं. लक्ष टिकत नाही, त्याला नाव आहे म्हणे, औषध आहे. एकदा विचारून तर बघू."

"म्हणजे मी वेडी?"

"वेडी असतीस तर पंधरा वर्षं मी टिकलो असतो का?" तो म्हणाला, आणि ती रडता रडता हसली.

मग ती एका मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेली, तेव्हा मीही बरोबर होतो. उशीर होऊ नये म्हणून भिंगरीनं मला पिळून पर्समध्ये टाकलं होतं आणि विसरली होती, त्यामुळे मी ऐन तपासणीच्या खोलीत घणघणलो. डॉक्टरबाई दचकल्या आणि मग मला हातात घेऊन कौतुकानं बघत म्हणाल्या, "हे तुम्ही स्वतःच शोधून काढलेलं औषध दिसतंय." मित्रांनो, एवढ्या शिकलेल्या बाईंकडून असं ऐकायला भाग्य लागतं.

एका भेटीत त्यांनी काही ठरवलं नाही. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली. प्रत्येक पानावर मास्तरांचा तोच शेरा होता, हुशार आहे पण लक्ष नाही. नवऱ्याशी बोलल्या, लांबलचक प्रश्नावली भरून घेतली, झोप कशी आहे, मन उदास असतं का ते विचारलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी सांगितलं, की लहानपणापासून लक्ष हवं तिथं वळवण्यात आणि धरून ठेवण्यात अडचण आहे, तिला अवधानाचा विकार म्हणतात, आणि तो मोठ्या माणसांतही असतो. यात आळसाचा काही संबंध नाही. सदतीस वर्षांच्या भिंगरीनं हे ऐकलं आणि प्रगतिपुस्तकांतले ते शेरे पुन्हा एकेक करून वाचले.

मग गोळीची गोष्ट निघाली. मेंदूला चेतवणारी गोळी, त्या म्हणाल्या. पुष्कळांना उपयोग होतो, सगळ्यांना नाही. भूक कमी होते, झोप बिघडू शकते, छाती धडधडते, म्हणून आधी हृदय आणि रक्तदाब तपासायचा. सवय लागण्याचा धोका असतो, म्हणून सांगितल्यापेक्षा जास्त घ्यायची नाही आणि दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. गोळी नको असेल तर दुसरे मार्गही आहेत.

"आणि माझा हात?" भिंगरीनं विचारलं. "मी वाकडे दात बसवते. तेच माझं काम. उद्या गोळी घेऊन मला सगळे दात सरळच दिसायला लागले तर?"

डॉक्टरबाईंनी घाईनं धीर दिला नाही, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, "तसं होऊ नये. पण तुमच्या बाबतीत काय होईल ते घेतल्याशिवाय मला सांगता येणार नाही. छोट्या मात्रेनं सुरू करायचं, बघायचं, कमीजास्त करायचं. नाही मानवलं तर मला सांगा, थांबवू."

"म्हणजे मेणात बघायचं," भिंगरी म्हणाली. मग तो रिवाज तिला डॉक्टरबाईंना समजावून सांगावा लागला.

गोळ्यांची पाकिटं आली आणि माझ्या शेजारच्या खणात पडून राहिली. मी तुमच्यापासून लपवणार नाही, माझा जळफळाट झाला. पंधरा वर्षं ओरडून ओरडून माझी स्प्रिंग सैल झाली, आणि आता ही चिमूटभर पांढरी गोळी येऊन माझी जागा घेणार! ती गोळी कधी निघूच नये असं मला वाटत होतं. आत्यांचंही तेच मत होतं, जरी कारण वेगळं होतं. "शिस्त काय गोळ्यांत मिळते?" त्या म्हणायच्या. "मी लावली तेवढी शिस्त पुष्कळ झाली." तीन आठवडे भिंगरी रोज खण उघडायची आणि बंद करायची.

मग एक दिवस ती आत्यांसमोर उभी राहिली. "आजोबांचं नवीन माप आलंय. मी एका मापावरून दोन नमुने ओतते. एकावर आत्ता, अशीच बसून दात बसवते. दुसऱ्यावर गोळी सुरू केल्यानंतर. कुठला कधीचा ते मी कुणालाच सांगणार नाही. आजोबा, त्यांच्या घरच्या आजी आणि तू ठरवा. हात गेला असेल तर मी डॉक्टरबाईंना सांगून गोळी बंद करते. लॅबचं पुन्हा नाव काढणार नाही."

आत्या स्वतःच्याच रिवाजात सापडल्या होत्या. "मेणात बघू," त्या म्हणाल्या.

पहिला नमुना झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पहिली गोळी घेतली. पहिला आठवडा काही गोड नव्हता. जेवणाचा डबा न उघडताच घरी परत जायचा, तोंडाला कोरड पडायची, आणि जबडा आवळला जातो म्हणून ती स्वतःचाच जबडा दाबत बसायची. एका सकाळी तर तिनं एका कवळीची एकच दाढ दोन तास घासली, मान वर न करता. लक्ष होतं, पण चुकीच्या जागी खिळलं होतं. तिनं हे सगळं वहीत लिहून डॉक्टरबाईंना सांगितलं. गोळी बदलली, मात्रा बदलली, न्याहारी पोटभर करायची ताकीद मिळाली. मग हळूहळू टेबलावर चहाचा एकच कप दिसू लागला, आणि तो रिकामा असायचा. पाचव्या आठवड्यात तिनं दुसरा नमुना हातात घेतला. बसायच्या आधी आजोबांचा फोटो भिंगाखाली धरून ती कितीतरी वेळ नुसती बघत होती.

परीक्षेच्या दिवशी दातांचे डॉक्टर आजोबांना घेऊन जिना उतरून आले. बरोबर आजी होत्या. मामांनी पॉलिशचं मशीन बंद ठेवलं होतं. नमुन्यांच्या पोटावर एक ठिपका आणि दोन ठिपके होते, आणि त्यांचा अर्थ खोलीत फक्त भिंगरीला आणि मला माहीत होता.

आधी एका ठिपक्याची. आजोबांनी आरशात बघितलं, हसले. आजींनी टाळी वाजवली. "हेच, हेच हसू!" पण तोंड मिटताच आजोबांनी कपाळाला आठ्या घातल्या. "मागे उजवीकडे काहीतरी आधी टेकतंय."

मग दोन ठिपक्यांची. आजोबांनी तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. त्यांची जीभ पुढच्या दाताच्या आत फिरू लागली आणि एका जागी थांबली. "इथं खाच आहे," ते म्हणाले. "हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चढलेल्या दाताच्या कडेला केसाएवढी खाच होती. चाळीस वर्षं वाद्य टेकून टेकून पडलेली. कुणीच सांगितली नव्हती. ती फोटोत होती, पण बघणारा तेवढा वेळ थांबला तरच दिसणारी.

"दात दोन्हींत तुमचाच आहे," आजी म्हणाल्या, "पण पहिल्यात तुम्ही हसताय. यात जरा गंभीर दिसताय."

भिंगरीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिला ज्याची भीती होती तेच आजींनी बोलून दाखवलं होतं. तिनं दोन्ही मेणाचे जबडे समोरासमोर ठेवले, डोळे बारीक करून बघितले. मग चाकू दिव्यावर धरला, दोन ठिपक्यांच्या मेणात घातला आणि कोपऱ्यातला एक दात नखाच्या टोकाएवढा वर उचलला. दुसरा किंचित फिरवला. सगळं मिळून पाच मिनिटं. आजोबांनी पुन्हा आरशात बघितलं, आणि या वेळी आजींनी टाळी वाजवली नाही, पदरानं डोळे पुसले.

"गोळी घेतल्यावरची कुठली?" आत्यांनी विचारलं.

"दोन ठिपक्यांची," भिंगरी म्हणाली. "आणि आज सकाळची गोळीही घेतलीय. आत्ता हलवले ते दात गोळी घेऊनच हलवले, आत्या."

आत्या उठल्या. दुखऱ्या गुडघ्यांनी त्यांनी स्वतः शेगडी उचलली आणि भिंगरीच्या टेबलाशी आणून ठेवली. तुम्ही म्हणाल, शेगडीच ती. पण त्या खोलीत याहून मोठा मान मी कुणाला मिळालेला बघितला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा भरला. भिंगरीनं मला पिळलं. "वरची कवळी, मंद आच, साठ!" "ऐकलं!" मामा ओरडले. खरं सांगू, त्या दिवशी माझी टिकटिक नीट होत नव्हती. गोळीनं माझं काम काढून घेतलं असेल तर आपण घणघणून तरी काय करायचं, असं मनात येत होतं. साठ मिनिटं झाली आणि मी घणघणलो. भिंगरीनं दातावरचा चाकू खाली ठेवला आणि ती उठली. पहिल्या घणघणाटाला उठली! शेगडीशी गेली, पाण्यावर हात धरून अंदाज घेतला, परत आली आणि मला तीसवर पिळलं. "ठरलं होतं तसा वाजलास रे," माझ्या डोक्यावर टिचकी मारून ती म्हणाली. तेव्हा मला उमगलं, की माझी जागा कुणी घेतली नव्हती. गोळी तिला बसल्या जागी आणून ठेवत होती, आणि हाक मात्र मलाच मारायची होती.

कवळी झाली. दहा दिवसांनी आजोबा क्लॅरिनेटची पेटी घेऊन लॅबमध्ये आले. पहिल्यांदा वाद्यातून नुसतं चिरकणं निघालं आणि मामांनी खोकून हसू लपवलं. आजोबांनी दाताची खाच जिभेनं चाचपली, वाद्य पुन्हा टेकवलं आणि एकच सूर धरला. तो संपतच नव्हता. वरच्या मजल्यावरचे पेशंट जिन्यात येऊन उभे राहिले. वर्ष संपताना लॅब भिंगरीच्या नावावर झाली.

ती आता मूर्तिमंत शिस्त झाली, असं समजू नका. चष्मा अजून हरवतो. दुपार उतरली की गोळीचा जोर ओसरतो आणि ती जराशी चिडचिड करते. दर काही महिन्यांनी रक्तदाब तपासायला जाते, आणि ही तारीख लक्षात ठेवायचं काम नवऱ्याकडे आहे. पण स्वतःला आळशी म्हणणं तिनं सोडलं. मला तिचा जेवढा अभिमान वाटतो तेवढा माझ्या स्वतःच्या गजराचासुद्धा कधी वाटला नाही, आणि हे मी म्हणतोय!

आता शेवटचं सांगतो. मागच्या आठवड्यात भिंगरी बाहेर गेली होती. आत्या सहज म्हणून येऊन तिच्या टेबलाशी बसल्या होत्या. डॉक्टरबाईंच्या प्रश्नावलीची एक कोरी प्रत तिथं पडली होती. आत्यांनी पेन्सिल उचलली आणि एकेका प्रश्नापुढे खूण करायला लागल्या. मला वाटलं, स्वतःची भरतायत. पण आत्या वस्तू हरवणाऱ्यांतल्या नव्हेत, आणि खुणा तर "नेहमी"वर पडत होत्या. सगळ्या प्रश्नांपुढे खुणा झाल्या तशी त्यांनी पेन्सिल ठेवली आणि फोन उचलला. पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता, भिंगरीचे वडील, एकसष्ट वर्षांचे. ज्यांची दोन दुकानं बंद पडली होती आणि ज्यांना बहिणीच्या दारात यायचं म्हटलं की धडकी भरायची.

"मी ताई बोलतेय," आत्या म्हणाल्या. "नाही, काही चुकलं नाही तुझं. ऐक. तुला मी लहानपणापासून वेंधळा म्हणत आले. सगळ्यांसमोर म्हटलं. आईलाही म्हणायला लावलं." मग प्रश्नावलीची घडी घालून त्या म्हणाल्या, "चुकलं माझं. तू ये इकडे. आपण दोघं जाऊ डॉक्टरांकडे. मी येते बरोबर."

पलीकडून मला ऐकू आलं, साठी उलटलेला एक माणूस लहान मुलासारखा रडत होता.

मित्रांनो, मी पत्र्याचा आहे. मला कुणी पिळलं तरच मी वाजतो, आणि मला न पिळताच कुणी रागावलं तर मला काही वाटत नाही. माणसांना वाटतं. तुमच्या घरात, वर्गात, कामावर असं एखादं माणूस असेल, तर "लक्ष कुठंय तुझं?" हा प्रश्न त्याला कितीदा विचारून झालाय तेवढं एकदा मोजा. मग तो प्रश्न बंद करा आणि त्याच्याबरोबर जाणत्या डॉक्टरांच्या दारापर्यंत चला. गोळी घ्यायची की नाही हे ते माणूस आणि डॉक्टर बघून घेतील. तुम्ही बरोबर चला म्हणजे झालं. एकसष्ट वर्षं वाट बघायला लावू नका.